सामाईक साधनाची डागडुजी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या वर्गासाठी मी निवडलेला विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असणार. शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांचे प्रश्न, महागाई हे सारे सोडून प्रॉक्सी सर्व्हरच्या सुरक्षा-दुरुस्त्यांविषयी हा गृहस्थ काय बोलणार, अशी कुजबुज मघाशी चहाच्या वेळी माझ्या कानावर आलीच. ती कुजबुज रास्त आहे. परंतु आयुष्याची वीस-बावीस वर्षे मी एका महाविद्यालयाच्या संगणक विभागात काढली, आणि त्या अनुभवावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, हा विषय वरवर यंत्राचा दिसत असला तरी मुळात तो श्रमाचा आणि सामाईक मालमत्तेचा आहे. म्हणून तो आपला आहे. तांत्रिक परिभाषा मी शक्य तेवढी टाळीन. जेथे ती टाळता येणार नाही तेथे उलगडून सांगेन.

प्रथम हा प्रॉक्सी सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. समजा, एखाद्या संस्थेत दोनशे संगणक आहेत आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी वाहिनी एकच आहे. प्रत्येकाने आपली मागणी परस्पर बाहेर न पाठवता ती दाराशी बसविलेल्या एका संगणकाकडे द्यायची, आणि त्याने सर्वांच्या वतीने बाहेर जाऊन हवे ते पान आणून द्यायचे, अशी व्यवस्था केली की तो दाराशी बसलेला संगणक झाला प्रॉक्सी. आपल्या जुन्या शब्दात त्याला मुखत्यार म्हणता येईल. आणलेल्या पानाची एक प्रत तो आपल्यापाशी ठेवून घेतो, आणि तेच पान दुसऱ्या कोणी मागितले तर पुन्हा बाहेर न जाता ती प्रत देतो. या साठवणीला कॅश म्हणतात. हे काम करणारी जी प्रणाली जगभर सर्वांत अधिक रुळली तिचे नाव स्क्विड. ती कोणालाही विनामूल्य घेता येते, तिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, तीत बदल करता येतो आणि बदललेली प्रत पुढे देता येते.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हाचे दिवस ज्यांना आठवत असतील त्यांना या साठवणीचे मोल वेगळे सांगायला नको. वाहिनी अरुंद, भाडे भरमसाट, आणि एका प्रयोगशाळेत चाळीस विद्यार्थी. एकाने उघडलेले पान दुसऱ्याला दाराशीच मिळाले म्हणजे अर्धे काम झाले. विकिपीडिया या ज्ञानकोशानेही २००४ पासून कित्येक वर्षे आपली पाने वाचकांना पोचवण्यासाठी स्क्विडच वापरला. पुढे त्याने व्हार्निश हे दुसरे साधन स्वीकारले. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया वाचणाऱ्या आपल्या लोकांपर्यंतही त्या काळात मजकूर आला तो याच साठवणीतून. आज बहुतेक पाने कुलूपबंद स्वरूपात येतात, त्यामुळे साठवणीचा उपयोग पूर्वीइतका राहिलेला नाही. पण कोणाला कोठे जाऊ द्यावे, कोणाला अडवावे, कोण कोठे गेले याची नोंद कशी ठेवावी, यांसाठी असंख्य कचेऱ्यांच्या, महाविद्यालयांच्या आणि कंपन्यांच्या दाराशी स्क्विड अजून बसलेला आहे.

या साधनाचा जन्म कसा झाला, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात हार्वेस्ट नावाचा एक संशोधन-प्रकल्प चालत असे. कोलोरॅडो विद्यापीठ आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ येथील संशोधक त्यात होते आणि पैसा सरकारचा होता. त्या प्रकल्पातील साठवणीच्या प्रणालीला पुढे दोन फाटे फुटले. एक फाटा व्यापारी झाला. त्यातून नेटकॅश हे उत्पादन निघाले, आणि १९९७ मध्ये ते नेटवर्क अप्लायन्स या कंपनीने विकत घेतले. दुसरा फाटा ड्वेन वेसल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुला ठेवला. १९९६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली, तोच हा स्क्विड. त्यालाही आरंभीची काही वर्षे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे अनुदान होते. २०००च्या सुमारास ते अनुदान संपले.

आता पुढे काय झाले ते पाहा. व्यापारी फाटा २००६ मध्ये ब्लू कोट या दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला आणि कालांतराने नेटकॅश हे नाव बाजारातून नाहीसे झाले. खुला फाटा तीस वर्षे होत आली तरी जिवंत आहे. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली आणि सर्वांसाठी खुली ठेवलेली वस्तू खाजगी भावंडापेक्षा दीर्घायुषी ठरली, ही गोष्ट आपण अवश्य ध्यानात ठेवावी. परंतु केवळ एवढ्यावर समाधान मानून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारण अनुदान संपल्यावर या साधनाची देखभाल मूठभर स्वयंसेवकांच्या खांद्यावर येऊन पडली, आणि ज्यांनी ज्यांनी ते वापरले त्यांतल्या फारच थोड्यांनी त्या खांद्यांकडे वळून पाहिले.

येथे सुरक्षा-दुरुस्तीचा प्रश्न येतो. कोणतीही प्रणाली माणसाने लिहिलेली असते, आणि माणसाच्या लिखाणात चुका राहतात. स्क्विडची संहिता प्रचंड आहे आणि तिचा बराचसा भाग जुन्या काळी लिहिलेला आहे. अशा लिखाणात राहून गेलेली चूक हेरून बाहेरच्या माणसाला आत शिरता येत असेल तर ती चूक म्हणजे भिंतीतले भगदाड. ते बुजवणारा बदल म्हणजे सुरक्षा-दुरुस्ती. हा मुखत्यार सर्वांच्या वतीने व्यवहार करीत असल्यामुळे त्याच्या भिंतीतले भगदाड एकट्याचे राहत नाही. दोनशे जणांच्या खोल्यांकडे जाणारी वाट तेथून उघडते.

दोन-तीन खरी उदाहरणे देतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्क्विडमधला एक गंभीर दोष जाहीर झाला. वापरणाऱ्याची ओळख पटवण्याची जी एक विशिष्ट पद्धत आहे, तिच्यात येणाऱ्या मजकुराची लांबी नीट तपासली जात नव्हती. पायलीच्या मापात मणभर धान्य ओतले तर उरलेले शेजारी सांडणारच. तसा बाहेरच्या माणसाला सर्व्हरच्या स्मृतीत आपल्या मनाचा मजकूर, तोही २ मेगाबाइटपर्यंत, सांडता येत होता. त्याच सुमारास दुसरा दोष जाहीर झाला. तुकड्या-तुकड्यांनी येणारी मागणी वाचताना स्क्विड नियमांच्या बाबतीत नको तितका सैल होता. समजा, एकच अर्ज दोन कारकुनांपुढून जातो आणि अर्ज कोठे संपला याविषयी दोघांचे मत भिन्न आहे. मग पहिल्याने जो मजकूर अर्जाचे शेपूट म्हणून सोडून दिला, तोच दुसरा नवा अर्ज म्हणून मंजूर करतो. अशा रीतीने पहारेकऱ्याच्या नजरेआडून मागणी आत घुसवता येते. हे दोन्ही दोष ६.४ या आवृत्तीत दुरुस्त झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी एक दोष उजेडात आला. चुकीची सूचना देणारे जे पान स्क्विड दाखवतो, त्यातून ओळख पटवण्याची गुप्त माहिती बाहेर फुटू शकत होती. त्याची दुरुस्ती ७.२ या आवृत्तीत आली.

हे दोष सापडतात कसे? फेब्रुवारी २०२१ मध्ये जोशुआ रॉजर्स या सुरक्षा-संशोधकाने स्क्विडची संहिता कसून तपासली. त्याला ५५ दोष आढळले. ते त्याने रिवाजाप्रमाणे प्रथम देखभाल करणाऱ्यांना खाजगीरीत्या कळवले आणि वाट पाहिली. अडीच वर्षे लोटली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने सारे जाहीर केले, तेव्हा त्यांपैकी ३५ दोष दुरुस्तीवाचून तसेच होते. इंटरनेटवर उघड दिसणारे असे सर्व्हर पंचवीस लाखांहून अधिक आहेत, असेही त्याने नमूद केले होते. या मजकुरात देखभाल करणाऱ्यांवर त्याने आगपाखड केली असेल असे आपल्याला वाटेल. तसे त्याने केले नाही. या मंडळींनी सहकार्य केले, परंतु त्यांच्यापाशी मनुष्यबळ अपुरे आहे आणि त्यांच्यामागे नुसता तगादा लावून काही निष्पन्न होणार नाही, अशा आशयाचे त्याने लिहिले. पुढच्या आवृत्त्यांमधून यांतले पुष्कळ दोष दूर झाले आहेत. पण मधल्या अडीच वर्षांचा हिशेब कोणी द्यायचा?

दोष नाहीसे करण्याचा आणखी एक मार्ग या काळात अवलंबला गेला, तोही सांगतो. वेब रुळण्यापूर्वीच्या काळात, १९९१ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून गोफर नावाची एक पद्धत निघाली होती. ती पद्धत व्यवहारातून गेली, पण तिच्यासाठी लिहिलेला भाग स्क्विडमध्ये राहिला आणि त्यातही भगदाड निघाले. सहाव्या आवृत्तीपासून तो भागच काढून टाकण्यात आला. वापरात नसलेली खोली उघडी ठेवून तिच्यावर पहारा बसवण्यापेक्षा ती पाडून टाकणे बरे, हा शहाणपणाचा निर्णय होता. मात्र पाडण्याचे कामही कोणाला तरी करावेच लागते.

दुरुस्ती लिहून झाली म्हणजे काम संपले, असा समज आपल्याकडे फार आहे. वास्तविक तेथून कामाचा दुसरा टप्पा सुरू होतो. स्क्विडच्या मंडळींनी नवी आवृत्ती काढली की डेबियन, उबुंटू, रेड हॅट यांसारखे वितरण करणारे ती दुरुस्ती घेतात, आपल्या जुन्या आवृत्तीत नीट बसवतात, तपासतात आणि पुढे पाठवतात. त्यामुळे पुष्कळदा आवृत्तीचा क्रमांक जुनाच दिसतो, पण आत दुरुस्ती झालेली असते. आणि कधी क्रमांक पाहून आपण निर्धास्त राहतो, पण दुरुस्ती आलेलीच नसते. शेवटी आपल्या संस्थेतल्या माणसाने ती उतरवून घ्यायची, सेवा थोडा वेळ थांबवायची, सारे सुरळीत चालते की नाही हे पाहायचे. या साखळीतली प्रत्येक कडी म्हणजे कोणाचे तरी तास आहेत. दुसरी गोष्ट अशी की, दुरुस्ती जाहीर झाली म्हणजे भगदाड कोठे होते हे चोरालाही समजते. जो विलंब करतो तो दुरुस्तीपूर्वी होता त्यापेक्षा अधिक धोक्यात असतो.

या साखळीत वर्गभेद शिरलेला आहे, हेही सांगितले पाहिजे. ज्यांच्यापाशी पैसा आहे ते वार्षिक वर्गणी भरून जुन्या आवृत्तीसाठीही दहा-दहा वर्षे दुरुस्त्या मिळवतात. ज्यांच्यापाशी तो नाही ते फुकट मिळणाऱ्या प्रतीवर विसंबतात. आपल्याकडच्या कितीतरी संस्था सेंटॉस या प्रणालीवर अशाच विसंबून होत्या, कारण ती रेड हॅटची विनामूल्य प्रतिकृती होती. तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल असे आधी ठरले होते. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि २०२१ च्या अखेरीस ती बंद झाली. सातव्या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. अल्मा, रॉकी असे पर्याय इतरांनी उभे केले, हे खरे. पण नव्या घरी जायचे तर सामान हलवणारी माणसे लागतात, आणि ज्या संस्थेत संगणकासाठी कायम नेमलेला एकही माणूस नाही तिने ते कसे करावे?

आता मी माझ्या स्वतःच्या अनुभवाकडे येतो. तो सांगताना मला संकोच वाटतो, परंतु तो सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पुरे होणार नाही. महाविद्यालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. आमच्याकडे प्रॉक्सीचा संगणक सांभाळायला एक तरुण होता. तो ठेकेदाराचा माणूस, अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर. पगार इतका की आमच्या शिपायापेक्षा कमी. एका वर्षी त्याने लेखी अर्ज दिला. प्रणाली जुनी झाली आहे, सुरक्षा-दुरुस्त्या यायच्या बंद झाल्या आहेत, नवी बसवण्यासाठी एका रविवारी सहा तास सेवा बंद ठेवण्याची परवानगी मिळावी. पहिल्या वेळी प्रवेशाचे दिवस होते. दुसऱ्या वेळी परीक्षेचे. तिसऱ्या वेळी तपासणी समिती यायची होती. अर्जावर 'योग्य वेळी विचार व्हावा' असा शेरा पडला आणि तो फायलीत गेला.

त्यानंतर चारेक महिन्यांनी एका रात्री कोणी तरी त्या संगणकात शिरले. आमच्या नावावर बाहेरच्यांचा व्यवहार सुरू झाला, वाहिनी तुंबली, आणि जोडणी देणाऱ्या कंपनीने ती तोडली. तीन दिवस महाविद्यालय जगापासून तुटले. विद्यार्थ्यांचे अर्ज अडकले. चौकशी समिती बसली. समितीने निष्कर्ष काढला की, संबंधित कर्मचाऱ्याने प्रणाली अद्ययावत ठेवण्यात हयगय केली. ठेकेदाराला कळवण्यात आले, आणि ठेकेदाराने त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितले. त्याचा तो अर्ज फायलीत होता. समितीच्या एकाही सदस्याने ती फाइल मागवली नाही. मित्रहो, त्या समितीचा मी एक सदस्य होतो. अहवालावर माझी सही आहे. अर्जाविषयी मला ठाऊक होते. मी बोललो नाही. प्राचार्यांशी वाद नको, निवृत्तीला थोडी वर्षे राहिली आहेत, असे काहीबाही मनाशी म्हणालो. तो तरुण निरोप घ्यायला माझ्या खोलीत आला होता. 'सर, सहा तास मागितले होते फक्त,' एवढेच तो म्हणाला. त्याला उत्तर देण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. आजही नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या न दिलेल्या उत्तराची उशिराने केलेली भरपाई आहे, असे समजा.

त्या घटनेचा मी पुष्कळ विचार केला. स्क्विड लिहिणारे स्वयंसेवक आणि आमचा तो तरुण यांची स्थिती मला एकसारखी दिसू लागली. जे काम चालू असताना कोणाला दिसत नाही आणि बंद पडले की सर्वांना दिसते, ते काम करणारी ही माणसे. काही बिघडले नाही तर ती हवीतच कशाला, असे विचारले जाते. बिघडले तर त्यांनाच जबाबदार धरले जाते. गटारे साफ करणाऱ्या, विजेच्या खांबावर चढणाऱ्या, पाण्याच्या टाक्या राखणाऱ्या कामगारांच्या बाबतीत आपण हे पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. संगणकाच्या क्षेत्रात ते नव्या वेषात आले आहे, एवढाच फरक.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, फुकटच्या वस्तूची ही गत व्हायचीच. त्यापेक्षा नामांकित कंपनीचे उत्पादन विकत घ्यावे. या आक्षेपाला उत्तर याच क्षेत्रातले आहे. मायक्रोसॉफ्ट या बलाढ्य कंपनीचे स्वतःचे प्रॉक्सी उत्पादन होते. १९९०च्या दशकापासून ते निरनिराळ्या नावांनी चालले आणि शेवटी त्याचे नाव फोरफ्रंट टीएमजी असे होते. २०१२ मध्ये कंपनीने ते बंद करण्याचे जाहीर केले आणि १४ एप्रिल २०२० रोजी त्याच्या दुरुस्त्याही थांबल्या. ते उत्पादन मुळीच वाईट नव्हते. कंपनीच्या हिशेबात ते बसेनासे झाले. त्यानंतर ज्याच्याकडे ते होते त्याला स्वतः दुरुस्ती करणेही शक्य नव्हते, कारण संहिता कंपनीच्या तिजोरीत. खुल्या साधनाची देखभाल हेळसांडीमुळे मागे पडते, पण निदान ती करण्याचा अधिकार आपल्या हाती राहतो. हा अधिकार फार मोठा आहे.

दुसरा आक्षेप आपल्यातलेच काही उत्साही मित्र घेतात. संहिता सर्वांना खुली आहे, हजारो डोळे ती पाहतात, मग दोष आपोआप दुरुस्त होतील, अशी त्यांची श्रद्धा असते. ही श्रद्धा अनुभवाला उतरलेली नाही. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा दोष उघडकीस आला तो ओपनएसएसएल या खुल्या प्रणालीत, जिच्यावर निम्मे जग विसंबून होते. त्या वेळी तिच्यासाठी पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता आणि वर्षाला मिळणारी देणगी सुमारे दोन हजार डॉलर. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या साधनात कोणी तरी मुद्दाम चोरवाट पेरल्याचे आढळले. त्याचा मूळ देखभाल करणारा एकटा आणि थकलेला होता. मदतनीस म्हणून जवळ येऊन, दोन-अडीच वर्षे काम करून विश्वास संपादन करणाऱ्यानेच ती वाट पेरली होती. पाहायला मोकळीक असणे आणि कोणी प्रत्यक्ष बसून पाहणे यांत वेतनाचे, वेळेचे आणि जबाबदारीचे अंतर आहे. ते अंतर श्रद्धेने भरत नाही.

आपल्या महाराष्ट्रातली एक जुनी व्यवस्था या संदर्भात मला आठवते. धुळे-नाशिककडच्या नद्यांवर, विशेषतः पांझरेच्या खोऱ्यात, फड पद्धतीचे पाट होते. पाणी सामाईक, बंधारा सामाईक. पण पाटातला गाळ काढणे कोणाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. पाणी घेणाऱ्या प्रत्येकाकडे त्या कामाचा वाटा होता, आणि पाणी फिरवणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या यांचा मोबदला पिकातून ठरलेला होता. त्या व्यवस्थेतही गावगाड्याची विषमता होती, तिचे गोडवे गाण्याची मला इच्छा नाही. परंतु सामाईक वस्तू टिकवायची तर तिच्या राखणदाराचे पोट समाजाने चालवले पाहिजे, एवढे तारतम्य तिच्यात होते. इंटरनेटच्या या पाटावर पाणी सर्वांनी घेतले; मोठमोठ्या कंपन्यांनी सर्वांत अधिक घेतले; पाटकऱ्याला मात्र दाणा मिळाला नाही.

मग शासनाने काय करायचे? जर्मनीने २०२२ मध्ये अशा खुल्या साधनांच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधी उभारला. आपल्याकडे २०१५ मध्ये केंद्र सरकारने खुल्या प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, ते स्वागतार्ह होते. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाने सुरक्षाभंगाची खबर सहा तासांत देण्याचे आणि नोंदी १८० दिवस जपण्याचे बंधन संस्थांवर आले. खबर लवकर मिळावी हे योग्यच आहे. परंतु भगदाड पडल्याची खबर सहा तासांत द्यायची, आणि ते पडू नये म्हणून सहा तास मागणाऱ्या माणसाला मात्र ते मिळू नयेत, ही विसंगती त्या आदेशाने दूर होत नाही. २०२४ मध्ये बंगळूरच्या झेरोधा या खाजगी कंपनीने खुल्या साधनांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. चांगली गोष्ट आहे. तथापि सार्वजनिक साधनाची देखभाल कोणाच्या औदार्यावर सोडता येत नाही. परवान्याचे पैसे वाचले म्हणून ज्या खात्यांना आनंद होतो, त्यांनी त्या बचतीचा ठरावीक हिस्सा देखभालीकडे वळवला पाहिजे, आणि आपल्या विद्यापीठांतल्या तरुणांना त्या कामासाठी रीतसर वेतन मिळाले पाहिजे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

पण शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आपल्या युनियनच्या कचेऱ्या आहेत, पतसंस्था आहेत, वाचनालये आणि शिक्षणसंस्था आहेत. तेथे आपण काय करतो? उद्या सकाळपासून करण्यासारख्या चार गोष्टी सांगतो. पहिली, प्रत्येक संस्थेत एक साधी नोंदवही ठेवावी: कोणत्या संगणकावर कोणती प्रणाली आहे, तिच्या दुरुस्त्या कोठून येतात, त्यांची मुदत केव्हा संपते, शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला बसवली. दुसरी, महिन्यातले काही तास या कामासाठी राखून ठेवावेत, ते ठरावाने नोंदवावेत, आणि त्या तासांचा मोबदला द्यावा. गंभीर दोष जाहीर झाला तर महिनाअखेरीची वाट पाहू नये. तिसरी, स्क्विड असेल तर त्याचे ३१२८ क्रमांकाचे दार बाहेरच्या जगाला बंद असावे, आपल्या आवारातल्या संगणकांनाच ते उघडे असावे. ज्या सोयी वापरात नाहीत त्या काढून टाकाव्यात. आणि प्रॉक्सीची गरजच उरली नसेल तर तो केवळ सवयीने चालू ठेवू नये. चौथी गोष्ट, घेतो त्या प्रमाणात परत द्यावे. आपल्यात पैसा थोडा असेल, पण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत. नवी आवृत्ती तपासणे, दोष नीट लिहून कळवणे, माहिती मराठीत आणणे, हीसुद्धा पाटातला गाळ काढण्याचीच कामे आहेत.

आणि पाचवी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे काम करणारी माणसे आज बहुसंख्येने ठेकेदारीत आहेत. आपण कामगारांची संघटना बांधतो तेव्हा गिरणी, एस. टी., नगरपालिका यांचा विचार करतो. संगणकाच्या खोलीत बसलेला तो एकटा तरुण आपल्या नजरेत येत नाही. त्याने धोक्याचा लेखी इशारा दिला तर त्याची पोच त्याला मिळालीच पाहिजे, आणि चौकशीची वेळ आली तर तो इशारा प्रथम टेबलावर आला पाहिजे, एवढा नियम आपण आपापल्या संस्थांत तरी करू शकतो. त्याला पैसा लागत नाही. माझ्यासारख्याने त्या दिवशी फाइल मागवली असती तर एका माणसाची भाकरी वाचली असती.

आता आपल्या प्रश्नांना उत्तरे देण्याचा प्रयत्न करतो. पण त्याआधी, जे जे कोणत्या ना कोणत्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत त्यांना एक विनंती. आपल्या संस्थेचा संगणक सांभाळणाऱ्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक आहे का, हे आठवून पाहा. नसेल तर घरी परतल्यावर पहिल्यांदा ते विचारा, आणि त्याने काही लिहून दिले आहे का, तेही विचारा.